फळीवरचा हंडा

भूकंप झाला तेव्हा मी फळीवर पितळेची भांडी मांडत होते, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

हसू नका. वरवट बकालच्या शाळेत नववीच्या पोरांना भूगोल शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. पृथ्वीचं कवच, त्याखाली प्रावरण, मधोमध लोखंडाचा तापलेला गाभा, ही आकृती मी झोपेतही काढीन. कवचाचे तुकडे कसे सरकतात हे सांगताना मी नेहमी तापलेल्या दुधावरच्या सायीचं उदाहरण देते. पण जमीन हलते म्हणजे काय, हे माझ्या स्वतःच्या तळपायांना त्या रविवारी सकाळी पहिल्यांदा कळलं. आधी रोडरोलर दारावरून जावा तशी घरघर झाली. मग फळीवरचे लोटे किणकिणले, मोठ्या हंड्यावरची झाकणी थडथड वाजली आणि मी "मायबाई!" म्हणून अंगणात पळाले.

अंगणात आमचे हे मोटारसायकल पुसत होते. ह्यांचं गावात हार्डवेअरचं दुकान आहे. जगातल्या कुठल्याही आवाजाचं कारण ह्यांच्या मते ट्रक असतं.

"ट्रक गेला असंल," हे म्हणाले.

"ट्रक कायचा! भूकंप होय तो, भूकंप!"

"मंग तू हसून काऊन राह्यली?"

मी आत जाऊन पाहिलं तर घराला ओरखडाही नव्हता. फक्त मोठा हंडा फळीच्या काठाकडे बोटभर सरकला होता. तो मी तळहातानं मागे रेटला आणि कामाला लागले.

काम लेकीच्या खोलीचं होतं. पुण्याला असते ती, आणि तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे व्हायचं होतं. माझं स्वतःचं सासरी झालं. माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. सासू चांगली होती, तिनं काही कमी केलं नाही. पण कळा यायच्या तेव्हा मी आईचंच नाव घ्यायची आणि मग आठवायचं की ती नाही. तेव्हाच मनाशी धरलं होतं की आपल्या लेकीचं आपण करायचं. आईनं माझ्या लग्नात दिलेला तो पितळेचा हंडा, त्याच्या काठावर तिचं नाव कोरलेलं. चिंचेनं घासून लखलखीत केला आणि लेकीच्या उशाशी, पलंगाच्या वरच्या फळीवर ठेवला. आजीची नजर राहील, असं वाटलं.

तर भूकंप. इतका आनंद पोटात कसा राहणार? मी मोबाइल घेतला आणि दोन्ही घरांच्या मिळून असलेल्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं. आपला भारताचा भूपट्ट उत्तरेकडे आशियाला रेटतो आहे, त्या रेट्यानं हिमालय उचलला जातो, आणि त्याचा ताण देशाच्या आतल्या जुन्या भेगांवरही येतो. आमच्या उत्तरेला सातपुडा आहे, त्याच्या पायथ्याशी अशीच एक जुनी भेग आहे. भेगेच्या अलीकडची जमीन फार पूर्वी खाली बसली आणि त्या खोलगट जागेत नद्यांनी गाळ आणून भरला. म्हणून तर आमच्याकडे कितीही खोदा, माती संपत नाही, आणि पाणी लागलं की खारट. शेवटी मी लिहिलं, "आज आमचं घर चांगलंच हललं!" आणि पुढे तीन टाळ्या.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. आवाज शांत होता.

"ताई, रागवू नका. सूनबाईंचं बाळंतपण आम्ही इथंच करतो. तिकडं नको पाठवायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, अहो हा लहानसा धक्का होता, आमचा भाग काही फार धोक्याचा नाही. मग भूपट्ट सांगितले, भेग सांगितली, सगळा नववीचा धडा फोनवर घेतला. त्या मध्येच "हो का" म्हणायच्या. त्यांच्या त्या "हो का"नं मी आणखी पेटले. त्यांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, हे मला ठाऊक होतं. मग काय, जीभ घसरली.

"तुमच्या कोयनेला तर बारा महिने जमीन हलते. पुस्तकातल्या भूकंपाच्या नकाशात तुमचा रंग आमच्यापेक्षा गडद आहे. आणि तुम्ही मले भूकंप शिकवता?"

पलीकडून "बरं. ठेवते," एवढंच.

रात्री लेकीचा फोन आला. रडत होती.

"मा, तू काय बोलली त्याईले? त्या जेवल्या नाईत."

"मी काय खोटं बोलली? नकाशात आहे तसंच सांगितलं."

"नकाशा राहू दे न व! मले तुझ्याजवळ यायचं आहे. आता कशी येऊ?"

फोन ठेवून मी त्या खोलीत जाऊन बसले. नवी चादर घातलेली, दुपटी घडी करून ठेवलेली. वादात जिंकले होते आणि लेक हातची चालली होती. मी फार रडले, हे लपवून काय उपयोग.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी विहीणबाईंनीच फोन केला. "मी घेऊन येते तिला. घर डोळ्यांनी बघते. पटलं तर ठेवते, नाही पटलं तर रात्रीच्या गाडीनं परत नेते. चालेल?"

न चालून सांगते कुणाला!

शेगाव स्टेशनवर आम्ही दोघं घ्यायला गेलो. लेक डब्यातून उतरली ती पोट सांभाळत, हळूहळू. विहीणबाईंनी तिचा दंड धरला होता. मला वाटलं, हा हात आता सोडवून घ्यायचा कसा?

घरी मी पाटोडीची भाजी केली होती, पुऱ्या, शेवयांची खीर. विहीणबाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आधी घर बघते." ह्यांनी मोठ्या उत्साहानं खांब दाखवले, सळई कुठली, सिमेंट कुठलं, घराचा पाया किती खोल घेतला. स्वतःच्या दुकानातला माल, त्यामुळे थांबता थांबेनात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "घर चांगलं बांधलंय," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, चला, सुटलो!

मग त्या लेकीच्या खोलीत आल्या. भिंती पाहिल्या नाहीत, दुपटी पाहिली नाहीत. पदर खोचला आणि सरळ पलंगावर आडव्या झाल्या. उताण्या, हात पोटावर. आमचे हे आल्या पावली बाहेर गेले. मला कळेना, बाईला भोवळ आली की काय?

"ताई, तुम्ही जरा इथं झोपा," त्या उठत म्हणाल्या.

"मी?"

"हां. आणि वर बघा."

मी झोपले. वर पाहिलं. इतक्या वर्षांत ती भांडी मी खालून कधी पाहिलीच नव्हती. माझ्या कपाळाच्या बरोब्बर वर हंड्याचा गोल, जाड बुंधा होता, फळीच्या थोडा बाहेर आलेला. म्हणजे मी रेटल्यावरही तो पुरता मागे गेला नव्हता, की जागेवरून पुन्हा सरकला होता, कोण जाणे. बाजूला घागरी, त्यांच्यावर परात. पायांशी लोखंडी कपाट. ते पडलं असतं तर दारच बंद झालं असतं.

तरी माझा हेका! उठून बसले आणि म्हटलं, "तो माझ्या आईचा हंडा आहे. तो तिथून हलणार नाही."

विहीणबाई माझ्याशेजारी बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कोयनेचा मोठा भूकंप झाला, तेव्हा माझी आई बाळंतीण होती. तिच्या माहेरी. अशाच खोलीत, अशीच फळी. ते घर पडलं नव्हतं बरं का ताई. भिंती उभ्या होत्या. वरचा हंडा खाली आला. आईनं बाळाला पोटाखाली घेतलं आणि हंडा तिच्या पायावर पडला. जन्मभर ती लंगडत चालली."

"आणि बाळ?" मी विचारलं.

"बाळ मीच," त्या म्हणाल्या.

ह्या बाईला मी फोनवर नकाशाचे रंग सांगितले होते! मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "चुकलं कुठं, तुम्ही सांगितलेलं सगळं खरंच होतं. आम्हाला कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. लहानपणी वाटायचं, धरण आमच्यावर चिडलंय." आणि दोघी हसलो. दारातून लेक पाहत होती. तिला काय झालं ते कळलं नाही, पण तीही हसली.

मग मी स्टुलावर चढले, त्यांनी खालून हात दिले आणि आईचा हंडा उतरवला. घागरी, परात, लोटे, सगळं जमिनीवर आलं. पलंग आम्ही खिडकीपासून दूर घेतला. ह्यांनी दुकानातून लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू आणले आणि कपाट भिंतीला असं आवळलं की आता भिंतीसकटच निघेल. "आमच्याकडं उशाशी वर काही ठेवत नाहीत," विहीणबाई सांगत होत्या, "आणि दाराची वाट मोकळी. थरथरलं की बाळ छातीशी, डोकं झाकायचं, पलंगाच्या कडेला खाली बसायचं. थांबलं की बाहेर." लेकीकडून त्यांनी ते करवून घेतलं, उशीला बाळ समजून. पोट सांभाळत ती खाली बसायची आणि आम्ही दोघी दोन्हीकडून धरायचो.

रात्रीच्या गाडीनं त्या एकट्याच परत गेल्या. जाताना लेकीचा हात माझ्या हातात दिला.

त्या आठवड्यात नववीच्या पोरांना मी एकच गृहपाठ दिला: आपापल्या अंथरुणावर आडवे व्हा आणि वर काय आहे ते पाहून या. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गलका. एकाच्या डोक्यावर कुलर, एकीच्या डोक्यावर शिलाई मशीन, एकाच्या डोक्यावर आजोबांचा केवढा तरी फोटो. "मॅडम, आजोबाच पडले असते न माह्या अंगावर!" वर्ग खदखदून हसला. पण आठ दिवसांत ह्यांच्या दुकानातल्या पट्ट्या संपल्या. प्रावरण आणि गाभा मी अजूनही शिकवते, जीव ओतून शिकवते. फक्त धडा आता पलंगापासून सुरू होतो.

शेगावच्या दवाखान्यात नात झाली. काळीसावळी, भरपूर जावळ, आणि आवाज असा की मला माझाच राग आठवावा. आईच्या हंड्यात मी रोज तिच्या अंघोळीचं पाणी भरून ठेवायची. तो आता खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीवर होता.

नात महिन्याची व्हायची होती तेव्हा एका दुपारी पुन्हा ती घरघर आली. मी दारात होते. हंड्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठली, मग पाणी काठावरून सांडलं. वर फळी कडकडली, रिकामी. मी पाऊल उचलायच्या आत लेकीनं बाळ छातीशी घेतलं होतं, डोकं हातानं झाकलं होतं आणि ती पलंगाच्या कडेला खाली बसली होती, शिकवलं होतं तश्शी. थांबल्यावर आम्ही अंगणात आलो. या वेळी आनंदबिनंद काही नव्हता. नातीनं एक जांभई दिली आणि पुन्हा डोळे मिटले.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. सरळ विहीणबाईंना फोन लावला. "दोघी बऱ्या आहेत," हे आधी सांगितलं, मग धक्का सांगितला.

त्यांनी एकच विचारलं, "हंडा?"

"जमिनीवरच आहे. पाणी तेवढं सांडलं."

त्यांचा श्वास सुटलेला मला इथं ऐकू आला. नाक ओढलं त्यांनी, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मग परत भरून ठेवा ताई. पोरीला न्हाऊ घालायचं असेल."

मी हंडा पुन्हा भरला.