हिरवी चिंधी

सर बियाण्यांच्या कंपन्यांच्या विरोधात होते, असं काल वर्षश्राद्धाला कुणीतरी म्हणालं.

खोटं आहे.

सर म्हणजे माझे मिस्टर. अख्खं गाव सर म्हणायचं, म्हणून मीही.

आठवडाभर मंचरला कॉलेजात शिकवायचे. रविवारी शेतकऱ्यांसाठी काढलेल्या आमच्या छोट्या संस्थेचं काम.

नव्वदच्या दशकात टोमॅटोची नवी नवी वाणं यायला लागली. प्रत्येक कंपनीचा माणूस सांगायचा, आमचंच भारी. शेतकरी सरांना विचारायचे, "कुठलं लावू?"

सरांनी अवसरी बुद्रुकला पांडूभाऊंच्या रानात सगळी वाणं शेजारी शेजारी लावली. नावाची पाटी नाही. प्रत्येकाच्या काठीला माझ्या जुन्या साडीची वेगळ्या रंगाची चिंधी.

कुठल्या रंगाचं कुठलं वाण, ते फक्त मला ठाऊक.

"मलाही सांगू नको," सर म्हणाले. "माझा चेहरा लगेच बोलतो."

एका कंपनीचे साहेब घरी आले. संस्थेला जीप देतो म्हणाले, फक्त बांधावर आमचा बॅनर लावा.

"जीप नको. पाहणीला या. सगळ्यांबरोबर बांधावर बसा."

मग साहेब माझ्याकडे वळले. "वहिनी, आमचा रंग कुठला?"

"बिस्कीट घ्या ना," मी म्हटलं.

पाहणीला लोकांनी टोमॅटो दाबून, फोडून, खाऊन बघितले. हिरवी चिंधी सगळ्यांना आवडली.

मी नाव सांगितलं. त्याच साहेबांची कंपनी!

संस्थेतला कार्यकर्ता चिडला. "सर, फुकटात जाहिरात झाली की त्यांची! हे आपल्या पत्रकात छापायचं न्हाई."

"छापायचं. आज चांगल्याला चांगलं म्हटलं नाही, तर उद्या वाईटाला वाईट म्हणू तेव्हा कोण ऐकेल आपलं?"

पुढच्याच हंगामात त्यांचं नवं वाण पिवळ्या चिंधीखाली आकसून गेलं.

सरांनी तेही छापलं.

साहेब तणतणत आले. "आमच्यावर राग आहे का तुमचा?"

पांडूभाऊ म्हणाले, "राग कशाचा, पावणं? मागल्या टायमाला ग्वाड लागलं व्हतं ना?"

साहेब हसले. बांधावर बसले. झाडं उपटून, मुळं बघून गेले.

ते वाण आमच्याकडे विकायला आलंच नाही.

सर गेल्यावर बायका म्हणाल्या, रंगीत साड्या वाटून टाका आता.

नाही वाटल्या.

आज सकाळी पांडूभाऊंच्या सुनेचा फोन. "काकू, नवीन वाण आलंय. चिंध्या हायेत ना?"

"लई हायेत. ये."

सर, या वेळी तुमच्या आवडीची जांभळी फाडतेय.

कुठल्या वाणाला, ते तुम्हालाही सांगणार नाही.

नमस्कार करते.