आठतुकडी काकू आणि बोथट सुरी

कोंबड्या कापण्याच्या आमच्या कारखान्यात ऑफिसातला कारकून मी, आणि संख्याशास्त्राचा पदवीधरही मी एकटाच, त्यामुळे गप्प बसणं मला झेपण्यासारखं नव्हतं. एका सोमवारी मी सगळ्यांच्या पगाराची सरासरी काढली आणि कागद हजेरीच्या घड्याळाशेजारी चिकटवला : पुरुषाला शंभर, तर बाईला अठ्ठ्याहत्तर.

दहा मिनिटांत क्रेट उडायला लागले. बायकांनी मुकादमाला दोन टेबलांमध्ये कोंडलं, पुरुष त्याला सोडवायला धावले आणि ओल्या फरशीवर रक्त, पिसं, माणसं सगळी एकत्रच घसरली. छताचा एक हूक भिरभिरत आला आणि माझा कान फाडून गेला.

मला टेबलाखालून ओढून काढलं आठतुकडी काकूंनी. एक कोंबडी, आठ तुकडे, अकरा सेकंद. असा हात इथं दुसऱ्या कुणाचा नाही. डावी करंगळी मात्र अर्धीच. दोन वर्षांपूर्वी सुरी घसरली, तेव्हा मुकादमानं अपघाताच्या वहीत लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. तेव्हापासून उरलेल्या साडेनऊ बोटांना काकू जिवापाड जपतात.

त्यांनी कागद ओरबाडून काढला. "यात बर्फ उचलणारे हमाल धरलेस?"

"धरले."

"त्यांचा ओव्हरटाइम?"

"तोही."

"आणि क्रेटमागं दर? बाईला किती, बाप्याला किती?"

"सारखाच," मी कान दाबत म्हणालो.

"मग हा कागद कशाचा रे, गाढवा? हमालाला न् मला एका पिशवीत कोंबून हलवलंस, झालं तुझं शिक्षण! एक थोबाडीतच देणार होते, पण कान आधीच फाटलाय. तो भरेपर्यंत बाकी ठेवते."

मुकादमाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "ऐका गं! काकूच सांगतायत, फरक नाही!"

"आकडा खोटा म्हणाले मी. फरक नाही असं कोण म्हणालं?" काकूंनी आपली सुरी टेबलावर आपटली. "बाप्यांच्या सुऱ्यांना सकाळी धार, आमच्या सुऱ्यांना जेवणानंतर. अर्धा दिवस आम्ही कापत नाही, करवततो. क्रेट कमी भरतात न् बोटं जातात. ते याच्या कागदात कुठाय?"

"उगाच सुरीला नावं ठेवू नका. मनगटात जोर लागतो."

"मग दाखवा की, भाऊ. करा आठ तुकडे."

सगळे थबकले. मुकादमानं बाह्या सरसावल्या, काकूंचीच सुरी उचलली, तंगडीच्या सांध्यावर सगळा जोर दिला. सुरी हाडावरून सटकली आणि सरळ त्याच्या तळहातात उतरली. चिळकांडी माझ्या शर्टापर्यंत आली. तो गुरासारखा ओरडला. काकूंनी त्याच्या मनगटावर फडकं आवळलं, कोंबडीची मान आवळावी तसं.

सात टाके पडले. दुपारी तो पांढराफटक चेहरा घेऊन ऑफिसात आला. "तिला काढून टाक. पत्र लिही."

"लिहितो. आधी वही भरू. कारण काय घालू? निष्काळजीपणा?"

निष्काळजीपणा म्हटलं की भरपाई बुडाली. त्यानं हाताच्या पट्टीकडे पाहिलं. "बोथट सुरी," दात खात म्हणाला आणि डाव्या हातानं वेडीवाकडी सही ठोकली.

"मग काकूंचा गुन्हा काय लिहू? सुरी तर कारखान्याची."

पत्र राहिलं.

आता धारेचं चाक एक तास आधी सुरू होतं आणि सगळ्याच सुऱ्यांना सकाळीच धार लागते. काकू आठ तुकडे दहा सेकंदांत करतात. सरासरी काढायची माझी खोड गेलेली नाही. फक्त कागद आधी त्यांना दाखवतो. त्या वाचतात, सुरी बाजूला ठेवतात, हात पुसतात.

"भरला का रे कान?"

"अजून दुखतो, काकू," मी म्हणतो. दोन महिने हेच म्हणतोय.