मशिदीत लॅपटॉप न्यायचा नाही

घरून काम करणारा माणूस म्हणजे रिकामा माणूस, अशी आमच्या मोहल्ल्याची पक्की समजूत आहे. कुणाचा सिलिंडर घ्यायचा असो, कुणाचं लाइटबिल ऑनलाइन भरायचं असो, हाक मलाच. मी पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो आणि त्याचाच पगार घेतो, हे सांगून सांगून तोंड दुखलं. "व्हय रं, पण घरातच असतोस की!" हे ठरलेलं उत्तर.

त्यामुळे यंदा रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत इतिकाफला कोण बसणार असा प्रश्न निघाला, तेव्हा मशिदीचे ट्रस्टी सरळ माझ्या दारात आले. मशिदीच्या कोपऱ्यात पडदा लावून ईदचा चाँद दिसेपर्यंत इबादतीत राहायचं, बाहेर पडायचं नाही, तो इतिकाफ. एक जण बसला तरी मोहल्ल्याच्या डोक्यावरचा भार उतरतो. कुणीच नाही बसलं तर बोल सगळ्यांनाच. दरवर्षी बसणारे चाचा आजारी पडले होते, आणि बाकीच्यांचा ईदचा धंदा तेव्हाच जोरात.

"तुला काय, तुझं काम कवाबी करता येतंय," ट्रस्टी म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. पण आमचं एक मोठं काम नेमकं ईदच्या आधी ग्राहकाच्या हातात पडायचं होतं, त्यामुळे सुटीचं नाव काढायची सोय नव्हती. कोल्हापुरात बसून काम करायची मुभा मला भरवशावर मिळालेली. ती गेली की पुणं गाठायचं, आणि अब्बा काही कोल्हापूर सोडणाऱ्यांतले नाहीत. मी आमच्या मॅडमना फोन लावला. बाई भली. "वेळ तुमची तुम्ही ठरवा. लॅपटॉप घेऊन बसलात तरी माझी हरकत नाही," म्हणाल्या. मी खूश! लगेच मशिदीत जाऊन मोबाइलची रेंज बघितली, चार्जिंगचा बोर्ड पडद्याजवळ आहे तेही बघितलं.

मग अब्बांना सांगितलं. अब्बा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. नमाजासाठी त्यांनी कधी रस्त्यात गाडी थांबवली नाही. गडहिंग्लजच्या स्टँडवर गाडी लागली की फर्ज, म्हणजे चुकवता न येणारी तेवढी नमाज पढायचे, जादाची नमाज घरी येऊन. प्रवाशांचा वेळ आपला नव्हे, एवढं त्यांचं साधं गणित.

"मशीद हाय का सायबर कॅफे?" ते कडाडले. "सजद्यात कपाळ टेकून हाईस आणि मॅडमचा फोन वाजला, तर ध्यान कुठं जाणार तुझं? दोन मालकांच्या दारात एकाच टायमाला उभं ऱ्हायचं न्हाय. दोघांचीबी चोरी हुतीय."

"मग बसणार कोण?"

"मी बसतो की."

माझं डोकंच फिरलं. या माणसाला जिना चढताना कठडा धरावा लागतो. "आणि तुमचे गुडघे?"

"गुडघं काय तुझ्या कंपनीचं हायत?"

झालं. अंथरूण काखेत मारून अब्बा मशिदीत गेले. त्यांना काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नव्हतो, एवढं मला कळत होतं.

मी मॅडमना सांगून रोज्याआधीची सहरी खाऊन लगेच कामाला बसू लागलो. पहाटे सिलिंडरवाला येत नाही, ट्रस्टी येत नाहीत. इतकं सलग, इतकं सुखाचं काम मी कधी केलं नव्हतं. संध्याकाळी लॅपटॉप मिटून बायकोनं भरलेला डबा घेऊन निघायचो. पडदा बाजूला करून रोज आधी त्यांच्या गुडघ्यांकडे बघायचो. आत अब्बा खुर्चीवर मजेत बसलेले असायचे, आणि रोजा सोडल्यावर पहिली तक्रार व्हायची ती भज्यात मीठ कमी असल्याची.

चाँद दिसला, बाहेर फटाके वाजले. ट्रस्टी हार घेऊन उभे होते. अब्बा भिंतीला धरून, पण आपल्या पायांनी बाहेर आले. गळ्यात हार पडला. मी ईद मुबारक म्हणत हात पसरले, तर त्यांनी माझ्या छातीवर पंजा ठेवून मला थोपवलं.

"काम पोचलं?"

"दुपारीच पोचलं, अब्बा."

"मग ये," म्हणाले, आणि हार चुरगळेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.