बाबांनी सोडलेली गोळी

मिठागरावर उभा जन्म काढलेल्या माझ्या वडिलांना मी मीठचोर ठरवलं, तेही घरात पाहुणे असताना. हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

बाबांचं हृदय कमजोर झाल्यावर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मी सुकट, लोणचं, पापड कपाटात टाकले आणि चावी खिशात ठेवली. तरी उन्हाळ्यात त्यांचे पाय पुन्हा सुजले. नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. आडवं झालं की दम लागायचा.

"कुठे खाता चोरून?" मी बहिणीच्या नवऱ्यासमोर ओरडलो.

"मिठाला हात न्हाय लावला रे," एवढंच ते म्हणाले. मला पटलं नाही. माझंच खरं करायची माझी खोड जुनी.

दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी मागितली. त्यात एक पाकीट जसंच्या तसं निघालं. डॉक्टर समजावू लागले, हृदय थकलं की शरीराला पाणी कमी पडल्यासारखं वाटतं. मग मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी असा स्राव सोडतात, की मीठ बाहेर पडतच नाही. ताटात चिमूटभर असलं तरी तेवढंही साठतं. ही गोळी त्या स्रावाला अडवते.

मग त्यांनी बाबांनाच विचारलं, "ती का सोडलीत, बाबा? काही त्रास? कधी कधी पुरुषांची छाती फुगते, दुखते. तसं असेल तर दुसरी देतो."

मला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी बाबा ओट्यावर उघडे बसले होते, आयुष्यभर बसत आले तसे. त्यांची फुगलेली छाती पाहून मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "बाबा, तुम्हाला आता पोलकं शिवायला टाकू या." सगळे हसले. बाबाही हसले आणि आत जाऊन सदरा घालून आले. त्यानंतर ते उघडे बसलेच नाहीत, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "तरास काय न्हाय. इसरलो," ते डॉक्टरांना म्हणाले.

"वयामुळे होतं असं," डॉक्टर मला म्हणाले. "यापुढे गोळी तुम्ही समोर उभं राहून द्या."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी "हो" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गोळी मी त्यांच्या तळहातावर ठेवली. भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेल्या बाबांनी ती निमूट गिळली, आणि तोंड उघडून मला दाखवलं.