सरहद्दीची फी

परदेशी पाठवल्या जाणाऱ्या पैशांवर सरहद्दीच्या रक्षणासाठी सौदी सरकारने कधीही फी लावली नाही. हे आधीच लिहितो, कारण आमच्या गावातल्या काही घरांत अजूनही तशी समजूत आहे. ती फी मी लावली होती.

सौदीच्या दक्षिणेला, खमीस मुशैतमध्ये माझं किराण्याचं दुकान आहे. कागदावर ते कफीलाचं, म्हणजे मला जामीन असलेल्या सौदी मालकाचं; राबणारा मी. माझं गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. गावची बरीच माणसं या दक्षिणेच्या भागात कामाला होती, कुणी शहरात, कुणी खाली जिझानच्या वाटेवर रस्त्यांच्या कंत्राटदारांकडे. त्यातल्या पुष्कळांना पगार रोख मिळे आणि बँकेत रांग लावायला सुट्टी मिळत नसे. म्हणून ते शुक्रवारी नमाजनंतर दुकानात येत, माझ्याकडे पैसे देत आणि मी ते माझ्या खात्यातून त्यांच्या घरी पाठवत असे. या कामाचा मोबदला घ्यायचा नाही, ही आमच्या जमातीची रीत. माझ्या आधी एक गृहस्थ हे काम करत. ते दम्मामला गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्यांनी कुणाचा साधा चहाही घेतला नव्हता, हे लोकांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. मला त्याचा अर्थ कळला.

पुढे सरकारने परदेशी लोकांच्या कुटुंबांवर माणशी फी बसवली. ती मात्र खरी होती. आमच्या ओळखीची कुटुंबं एकामागून एक परत जाऊ लागली. माझी मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये शेवटच्या वर्गांत होती. बायकोने खोकी आणून ठेवली, पण ती बांधायला तिचा हात उचलत नव्हता. माझाही नव्हता.

त्याच सुमारास पेपरात एक बातमी आली. बाहेर जाणाऱ्या पैशांवर फी लावावी, अशी कुणीतरी सूचना केली होती. दुकानात येणाऱ्यांनी तिला शेपूट जोडलं: हा पैसा सरहद्दीवर खर्च होणार. सरहद्दीपलीकडे लढाई चालू होती. खमीसवर अधूनमधून पलीकडून क्षेपणास्त्र यायचं, इथल्या हवाई तळावरून ते आकाशातच फोडायचे आणि दुकानाच्या काचा थरथरायच्या. थोड्याच दिवसांत, अशी कोणतीही फी लागणार नाही, असा सरकारी खुलासा छापून आला. मी दोन्ही बातम्या वाचल्या. शुक्रवारी एकच सांगितली.

"किती घेतात मामू?" एकाने विचारलं. गावची सगळी माणसं मला मामूच म्हणत.

"शेकडा दोन."

"कशाबद्दल?"

"सरहद्दीबद्दल. वर रोज फुटतंय ते काय फुकट फुटतं?"

कुणी वाद घातला नाही. त्या पैशांतून मी मुलीची आणि बायकोची फी भरली. पैसा शेवटी सरकारातच गेला ना, असं मी स्वतःला सांगत असे. मुलीची शाळा पूर्ण झाली.

आमच्यात एक आचारी होता. जिझानच्या पुढे, सरहद्दीला लागून रस्त्याच्या कामाचा कँप होता, तिथलं स्वयंपाकघर तो सांभाळायचा. कांदे, पीठ, तेल न्यायला कँपच्या गाडीतून घाट चढून खमीसला यायचा. जाडजूड, गप्पिष्ट माणूस. आला की आधी माझ्या तांदळाला नावं ठेवायचा, मग तोच तांदूळ उचलायचा. फी लागली हे ऐकून बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली होती. हा एकटा खूश झाला.

एकदा तो दुकानात असताना दुपारी मोठा आवाज झाला. शेल्फवरचे दोन डबे खाली पडले. मी काउंटरच्या मागे वाकलो होतो. हा दारात उभा राहून आकाशातला पांढरा धूर बघत होता.

"आत ये, वेडा आहेस का?" मी म्हणालो.

"थांबा मामू, बघू तर द्या. त्यात माझेही पैसे आहेत."

"तुझ्या पैशात त्याचा एक खिळा येणार नाही."

"खिळा तर खिळा. खिळ्याशिवाय उडेल काय ते?"

तेव्हापासून त्याला तो चाळाच लागला. आवाज झाला की फोन करायचा. "मामू, आपले पैसे उडाले," म्हणायचा आणि हसायचा. कँपवरच्या बंगाली आणि नेपाळी पोरांनाही त्याने सांगून ठेवलं होतं की, आम्ही कोकणातली माणसं इथल्या बंदोबस्ताला हातभार लावतो, तेव्हा आमच्याशी जरा अदबीने बोला. त्याच्या घरीही त्याने हे अभिमानाने कळवलं होतं. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

मग कंपनीने दम्मामकडे नवीन कँप उघडला. तिथे आचारी हवा होता. हा जुना माणूस, म्हणून आधी त्याला विचारलं. दम्माम सरहद्दीपासून लांब, शहर जवळ, गावची माणसं पुष्कळ. सामान न्यायला आला तेव्हा त्याने पिठाच्या पोत्यावर बसून मला विचारलं, "मामू, जाऊ का?"

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, ते मला नीट आठवतं. त्याच्या जिवाची काळजी मनात आली नाही. दम्मामला आमचे आधीचे गृहस्थ होते. हा तिथे जाणार, पहिल्याच शुक्रवारी त्यांच्याकडे पैसे देणार आणि विचारणार, सरहद्दीचे किती? ते म्हणणार, कसले सरहद्दीचे? एवढंच माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"तुझी मर्जी," मी म्हणालो. "पण तिकडे उकाडा फार. आणि इथे काय वाईट आहे?"

"तेच मी म्हणतो. बायको घाबरते. मी तिला सांगितलं, अगं, आपण पैसे भरतो, ते आपल्याला उघड्यावर टाकतील काय?" तो हसला. "तुमचंही तेच म्हणणं ना?"

मी मान डोलावली आणि त्याचे कांदे वजनाला घातले.

तो गेला नाही. पुढे एका सकाळी पलीकडून आलेला गोळा कँपच्या स्वयंपाकघरावर पडला. तो पीठ मळत होता. त्याला जिझानलाच दफन केलं. मी गेलो होतो, माती दिली. परत येताना घाटात गाडीवाला सारखा विचारत होता की माझी तब्येत बरी आहे ना. पुढच्याच शुक्रवारी, फी बंद झाली, असं मी लोकांना सांगितलं. कारण कुणीच विचारलं नाही. तेव्हा मला ते नशीब वाटलं.

तळावरून विमान उठलं की अजूनही माझा हात फोनकडे जातो. तो वाजायची वाट बघत मी उभा राहतो. गिऱ्हाईक समोर असलं तरी. बायको इथे होती तोपर्यंत विचारायची, कुणाचा फोन यायचा आहे का? मी नाही म्हणायचो.

कंपनीने जी भरपाई दिली, ती आचाऱ्याच्या बायकोला मिळाली. पुष्कळ काळ गेल्यावर तिचा मला फोन आला. मुलगी आता शिकून हाताशी आली आहे, तिने चौकशी सुरू केली आहे, असं म्हणाली. "मामू, तो सरहद्दीची फी भरायचा. जे भरायचे त्यांच्या घरच्यांना सरकार काही देत असेलच ना? मुलगी अर्ज करतेय. दोनदा मुंबईला सौदीच्या कचेरीत जाऊन आली. तिथले म्हणतात, फी भरल्याचं काहीतरी दाखवा. तुम्ही चार ओळी लिहून द्या."

बघतो, म्हणालो. नंतर तिचे फोन येत राहिले आणि मी बघतोच म्हणत राहिलो. मग एकदा ती म्हणाली की मुलीने कामावर रजा टाकली आहे, या वेळी दिल्लीला जाणार आहे. त्या शुक्रवारी, लोक दुकानात चहा घेत होते तेव्हा, मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. आमच्यापैकी आता थोडेच उरले आहेत.

कुणी कपदेखील खाली ठेवला नाही. शेवटी एक ड्रायव्हर म्हणाला, "मामू, बसा. आम्हाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"बँकेतून पाठवणाऱ्यांना फी नाही आणि आम्हालाच कशी? वाटलं, तुमचं कमिशन असेल. तोंडाने मागायला लाज वाटत असेल. मागितलं असतंत तरी दिलं असतं."

"मग त्याला कुणी का नाही सांगितलं?"

ड्रायव्हर म्हणाला, "त्याला भारी वाटायचं ना. कशाला मोडायचं? आणि सांगितलं असतं तर तुमच्याशी भांडला असता. आम्हाला काय माहीत, तो त्या फीच्या भरवशावर तिथे बसलाय म्हणून?"

ते मला माहीत होतं. मला एकट्यालाच.

लोक गेल्यावर मी त्याच्या बायकोला फोन लावला. फी खोटी होती हे सांगितलं. दम्मामचंही सांगितलं, तो विचारायला आला होता ते आणि मी काय म्हणालो ते. तिकडे कुकरची शिटी वाजली, कोंबड्या ओरडत होत्या.

मग ती म्हणाली, "मी त्याला म्हणत होते, जा. मामूंना विचारतो म्हणाला."

मी दुकानाचं दार ओढून घेतलं.

"आणि माझी पोर रजा टाकून दारोदार फिरली."

"हो."

"थांबा, ती इथेच आहे. तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई थकली म्हणून माघार घेतेय."

तिने पलीकडे हाक मारली. पावलं आली. "बोला मामू," मुलगी म्हणाली, "ते पत्र झालं का?"

नाही, असं म्हणून मी पहिल्यापासून सांगायला लागलो.