जपूनरावांची भरली गाडी

त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं तेवढंच. शाळा सुटली तशी त्या नावाचीही सुटका झाली. धंदा काचेचा. मोठमोठे काचेचे तक्ते आणायचे, मापात कापायचे आणि पिकअपमध्ये उभे करून घरोघरी पोचवायचे. तोंडी शब्द एकच, "जपून!" हमालाला जपून, समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला जपून, घरात त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या तरी जपून. लोकांनी मग त्याला जपूनराव करून टाकलं. कुणी चिडवायला म्हटलं तरी तो मान मिळाल्यासारखा हसायचा.

मी सुतार. खिडकी मी करायची, काच त्यानं आणायची. वहिनी म्हणायच्या, "तुम्हा दोघांचं लग्न तेवढं लागायचं राहिलंय, भावोजी. बाकी संसार चाललाच आहे."

गाडी तो इतकी हळू चालवायचा, की एकदा मागून एक अंत्ययात्रा आली आणि बाजूनं पुढं निघून गेली. मी शेजारी बसलेलो. म्हटलं, "अरे, खांद्यावरचा माणूससुद्धा आपल्या पुढं गेला!" तर हा गंभीरपणे म्हणतो, "जाऊ दे. त्याला आता काही फुटायची भीती नाही." मी खिडकीबाहेर बघत हसून घेतलं.

त्याला एकच मुलगी. आम्ही तिला चिमणी म्हणायचो, पण अंगापिंडानं चांगली दणकट. काच कापायला बापाइतकाच हात तयार. हिरकणीची लेखणी फिरवून तक्ता टेबलाच्या कडेवर असा अलगद मोडायची, जसं बिस्कीट मोडावं. गाडीही बापानंच शिकवली. पण एक नियम होता. रिकामी गाडी चिमणीनं चालवायची, भरली गाडी बापानं. येताना ती, जाताना तो. पोरगी तिशीला टेकली तरी नियम हलला नाही. ती कधी भांडली नाही. काचा भरून झाल्या की चावी त्याच्या हातात ठेवायची आणि डावीकडं जाऊन बसायची. ते बसणं मला दिसायचं. त्याला दिसायचं की नाही कोण जाणे.

तर त्या जुन्या पिकअपनं शेवटी हात टेकले. चढावर गिअर आपोआप सुटायचा. मेकॅनिकनं खालून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "जपूनराव, हिला आता औषध नको, विश्रांती द्या." नवी गाडी घ्यायची ठरली. शाळेच्या नव्या इमारतीचं काम मला मिळालं होतं, खिडक्या तयार होत्या, आणि काचा पोचवायला गाडी नव्हती. म्हणजे घाई माझीही होती.

पहिल्या शोरूममध्ये आम्ही चौघं गेलो. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती, जसं काही मुलगी बघायला निघालो होतो. तिथली गाडी होतीही नवरीसारखी. चकचकीत, आत पडदा, पडद्यात मागचं दिसतं. विक्रेता म्हणाला, "हिला आमची सगळ्यात मोठी वॉरंटी आहे."

जपूनराव म्हणाला, "गॅरंटी?"

"वॉरंटी."

"तेच ते."

"तेच नाही, काका. गॅरंटी म्हणजे बिघडलं तर बदलून देतो. वॉरंटी म्हणजे बिघडलं तर दुरुस्त करून देतो."

वहिनींनी नवऱ्याकडं एकदा नीट बघितलं. "म्हणजे हे वॉरंटीत येतात. आयुष्यभर दुरुस्तच करतेय. बदलून कुणी दिले नाहीत."

शोरूममधली दोन माणसं कामं सोडून हसली. जपूनरावही हसला, पण हट्ट धरला की गाडी पळवून बघायची. पळवून म्हणजे त्याच्या पद्धतीनं. त्यानं घरून एक काच आणली होती, गोधडीत गुंडाळून. ती मागच्या हौद्यात उभी धरली, स्वतः शेजारी मांडी ठोकून बसला आणि काचेला कान लावला. विक्रेता घाबरला. "काका, पुढं बसा ना, सीट आहे!"

"सीटवर मी बसणार. काच इथं बसणार. तिला विचारायला नको?"

त्याचं म्हणणं असं, की काच फुटण्याआधी सांगते. हादरे बसायला लागले की बारीक गुणगुणते. ज्याला ऐकू येतं त्याची काच फुटत नाही. मी कित्येकदा कान लावून बघितला, मला माझाच कान ऐकू आला. पण त्याच्यावर विश्वास होता. गाडी चक्कर मारून आली. तो उतरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "गातेय रे. खालचे स्प्रिंगचे पाटे कडक आहेत. रिकामी असली तरी काच गातेय."

"पण वॉरंटी मोठी आहे," वहिनी म्हणाल्या.

"गाडीला वॉरंटी आहे. काचेला कुठं आहे?"

मग मी माझ्या कामाचं विचारलं. काचा तिरप्या टेकवायला हौद्यात लाकडी घोडी लागते, ती बोल्टनं पत्र्याला आवळावी लागते. म्हणजे चार भोकं पाडायची. विक्रेत्याचा चेहरा पडला. "भोक पाडलंत तर वॉरंटी संपली."

"सगळी?"

"सगळी."

वहिनींचा उत्साह तिथंच मावळला. "अहो, मग ही वॉरंटी आहे की नवस? जरा चुकलं की फळ नाही!"

दुसऱ्या शोरूममधली गाडी अगदी साधी. रंग असा, की पावसात उभी असली तर दिसायची नाही. वॉरंटी निम्म्याहून कमी. पण तिथला म्हातारा विक्रेता सरळ बोलला, "भोकं पाडा. पत्र्याची वॉरंटी जाईल, इंजिनची राहील." मेकॅनिकचंही मत तिच्याच बाजूनं होतं. ही बिघडते कमी, आणि बिघडली तर सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. जपूनराव पुन्हा काच घेऊन हौद्यात बसला. परत आला तेव्हा डोळे मिटलेले. वहिनी घाबरल्या, "अहो, काय झालं?"

"गप्प आहे गं. एकदम गप्प."

राहिलं कर्ज. चकचकीत गाडीवाल्यांनी कर्ज स्वतःच देऊ केलं होतं, पहिले हप्ते फुलासारखे हलके, नंतर जड. चिमणीनं तेव्हाच नाक मुरडलं होतं. "म्हणजे चढ शेवटी, इंजिन दमल्यावर. नको, बाबा." साध्या गाडीसाठी आम्ही पतसंस्थेत गेलो. तिथं हप्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा. सगळं जमत आलं आणि तिथल्या बाईंनी जपूनरावाचं वय विचारलं. ऐकून चष्मा काढला.

"काका, कर्ज फिटेपर्यंत तुमचं वय आमच्या नियमाबाहेर जातं."

"बघू ना, आधी कोण आटपतं, कर्ज की मी."

बाई हसल्या, पण नियम हसला नाही. त्या म्हणाल्या, "मुलगी कमावते ना? कर्ज तिच्या नावावर करू. गाडीही तिच्या नावावर लागेल. तुम्ही जामीन राहा."

चिमणी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत राहिली. तोही काचेचाच होता. आणि आमचा जपूनराव उठून म्हणाला, "विचार करतो."

मग विचार करायला जो गेला तो गेलाच. दुकान उघडायचा, काचा पुसायचा, बंद करायचा. मी गेलो की गाडी सोडून सगळ्यावर बोलायचा. शाळेचे मास्तर मला विचारायला लागले, पोरांनी पुठ्ठे लावलेल्या खिडक्यांच्या वर्गांत किती दिवस बसायचं? शेवटी मी घरी जाऊनच त्याला धरलं.

"अरे, नावच बदलतंय. गाडी घरातच राहणार ना?"

"तसं नाही रे सुतारा." तो हातातलं फडकं घडी करत बसला, उलगडत बसला. "गाडी तिची म्हणजे चावी तिची. ती मला भरल्या गाडीची चावी मागणार नाही. मी तिला मागायची. आणि मी मागितली तर ती देईल. तेच वाईट आहे. आयुष्यभर देतच आलीय."

वहिनी चहा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मला वाटलं, आता नवऱ्याला झोडणार. पण त्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिला ऐकू येतं."

"काय?"

"काच. तुम्हाला येतं तसंच. लहानपणापासून येतं. तुम्ही कधी विचारलंच नाही तिला."

त्यानं बायकोकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी काय सांगणार, माझे कान तर रंध्याच्या आवाजानं केव्हाच गेलेले. त्यानं फडकं खाली ठेवलं, चपला घातल्या आणि आम्हाला तसंच सोडून पतसंस्थेत निघून गेला. जामिनाची सही करून आला तेव्हा आमचा चहा अजून निवला नव्हता. तो माणूस इतक्या लवकर कुठं जाऊन आलेला मी तेव्हाच पाहिला.

गाडी आली. मी घोडी बसवली. भोकं पाडताना जपूनरावानं तोंड फिरवलं, जसं पोराला सुई टोचताना फिरवतात. शाळेच्या काचा भरल्या, दोर आवळले. चिमणी सवयीनं चावी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तो मागचा दोर उगाच ओढून बघत होता. म्हणाला, "माझ्या हाताला दोर काचलाय. तू चालव."

ती चालवायला बसली, मी मधे, तो कडेला. गाडी निघाली. चिमणी बापासारखी हळू नव्हती. वेगात म्हणता येणार नाही, पण त्या दिवशी आम्ही दोन सायकली मागं टाकल्या, आणि हे आमच्या धंद्याच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. मी जपूनरावाकडं बघायचं टाळत होतो. तिथं नसलेला ब्रेक त्याचा पाय दाबत होता. चौक ओलांडला, पुढं खडबडीत रस्ता लागणार, मघापासून मला त्याचीच धास्ती. तेवढ्यात तो म्हणाला, "थांबव. मला इथं उतरव."

चिमणीचा चेहरा उतरला. "का, बाबा? चुकलं काही?"

"काही नाही. न्हाव्याकडं जायचंय. दाढी वाढलीय. तुम्ही व्हा पुढं."

"मग मीही उतरतो," मी म्हटलं.

"तू बस गप. तिकडं काचा उतरवायला नको कुणी?"

तो उतरला. आम्ही निघालो. बाजूच्या आरशात मला न्हाव्याचं दुकान दिसत होतं. जपूनराव आत गेला, खुर्चीत बसला, रस्त्याकडं पाठ करून. पुढं खडबडीत रस्ता लागला, चिमणीनं वेग कमी केला, मान किंचित मागं वळवली, ऐकलं, आणि मग दातांतून श्वास सोडत गाडी अशी अलगद काढली, की मला खड्डे मोजता आले नाहीत. शाळेत काचा उतरवल्या. एकीलाही ओरखडा नव्हता. पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि चिमणी लाजून गाडीमागं गेली.

पुढं कितीतरी वर्षं ती गाडी चिमणीनंच चालवली, रिकामीही आणि भरलीही. जपूनराव गेला तेव्हा न्हावी मला भेटला. वस्तरा लावायचा पट्टा हातात घोळवत म्हणाला, "एक सांगू? शाळेच्या काचा गेल्या त्या दिवशी तुमचा दोस्त सकाळीच दाढी करून गेला होता माझ्याकडून. दुपारी पुन्हा आला. म्हटलं, काय करू आता? म्हणाला, काही करू नकोस, नुसता फेस लाव आणि मला बसू दे."