तसबिरीमागचा आकाशी

फाट्यावर बस सोडल्यापासून दोघींचं भांडण थांबलं नव्हतं. ते थांबवायची हिंमतही कुणाला होत नव्हती. मूल या तालुक्याच्या गावाहून येणारी बस फाट्यापर्यंतच येते आणि पुढचा रस्ता जंगलातून जातो. त्या रस्त्यानं कुणी एकटं जात नाही, आणि मुकाट्यानंही जात नाही. माणसाचा आवाज लांबून कानावर पडला की वाघ आपली वाट बदलतो. बाकीच्या बाया अशा वेळी भजन म्हणतात, नाहीतर सुनांच्या कागाळ्या करतात. रंभा आणि इंदिराबाईंना एकमेकींना सुनावायला भांडणाशिवाय काही उरलं नव्हतं.

पुढे रंभा चालत होती, हातात रंगाचा डबा. मागून इंदिराबाई, नजर त्या डब्यावर.

"मांगं मांगं काऊन चालता? डबा बदलवून टाकीन म्हणून?"

"हो. म्हणूनच."

"इथी कोणाचं दुकान आहे बाई? माकडं रंग विकून राह्यले का?"

"तुझा काही भरवसा नाई."

रंभानं डबा या हातातून त्या हातात घेतला. मागे वळून पाहिलं नाही. मोहाच्या झाडाखाली पाला वाजला तशी इंदिराबाईंची पावलं आपोआप भरभर पडू लागली आणि त्या रंभाच्या जवळ आल्या.

"बोला ना," रंभा म्हणाली, "चोर म्हणा, लबाड म्हणा. पण आवाज करा."

ही रंभा गावात रंगवाली म्हणून ओळखली जाते. माहेर मासे धरणाऱ्या ढिवरांचं, तळ्याकाठचं. लग्न होऊन आली तेव्हा ती दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवण्याला जायची. तिचा नवरा सुकलू घरं रंगवायचा. रोवणा नसेल त्या दिवसांत ती त्याच्या हाताखाली रंग ढवळायची, भिंती घासायची. सुकलू तापानं गेला. तेराव्यानंतर लगेच तिनं त्याचा सदरा लुगड्यावर चढवला, पदर खोचला आणि त्याचीच शिडी खांद्यावर घेऊन गावात आली. बाई माणूस शिडीवर चढते म्हणून लोक हसले. तिनं वरूनच एकाच्या डोक्यावर चुन्याचं पाणी सोडलं. तेव्हापासून कुणी तोंडावर हसत नाही. तिची जीभ तिखट आहे. मजुरीवरून ती वाकड्यात शिरते, चहात साखर कमी पडली तरी बोलून दाखवते. गावात तिच्यावर माया करणारं माणूस शोधावं लागेल. पण भिंत मात्र ती नीट करते, हे तिचे वैरीही कबूल करायचे. निदान या पावसाळ्यापर्यंत तरी करत होते.

इंदिराबाईंच्या घराची बैठक तिनं मागच्या साली रंगवली होती, फिकट आकाशी. समोरच्या भिंतीवर चंद्रपूरच्या महाकालीची मोठी तसबीर टांगलेली, खाली छोटी फळी. इंदिराबाई फळीवर सकाळ-संध्याकाळ तेलाचा दिवा लावतात, उदबत्ती ओवाळतात, कापूर जाळतात. नवरात्रात अखंड दिवा असतो आणि अख्ख्या गावच्या बाया त्यांच्याच घरी आरतीला जमतात. एकदा बसवलेली देवी पुढच्या रंगकामापर्यंत खिळ्यावरून हलवायची नाही, असा सासूबाईंपासूनचा नेम. काच पुसायची तीही जागच्या जागी.

यंदा त्याच भिंतीत पाणी मुरलं आणि दाराजवळचं प्लास्टर फुगून पडलं. गवंड्यानं तेवढा तुकडा नवा केला. गेल्या सालचा उरलेला रंग डब्यात बंद होता. तो रंभाच्या हाती दिला आणि तिनं तो तुकडा रंगवला. वाळला तर भिंत वेगळी आणि तुकडा वेगळा. कुण्या दुसऱ्याच्या लुगड्याचं ठिगळ लावल्यासारखा तो दारातूनच डोळ्यात भरत होता.

इंदिराबाईंची धाकटी जाऊ गुणाबाई शेजारीच राहते. तिनं कमरेवर हात ठेवून तो तुकडा पाहिला. "बाई, हा आपला रंग नोहेच. आपला चांगला रंग हिनं लांबवला न् डब्यात हलका भरला."

रंभा शिडीवरून उतरली. "रंग तोच आहे. तुमची भिंत मळली. दिव्याचा धूर खाऊन खाऊन हिरवट पडली."

एवढं बोलली नसती तर कदाचित गोष्ट तिथंच मिटली असती. पण इंदिराबाईंच्या काळजाला ते जाऊन लागलं. त्या रोज न्हाऊन-धुऊन, ओल्या केसांनी महाकाली आईपुढं उभ्या राहणाऱ्या.

"आईच्या दिव्यानं घर मळते म्हणतेस? चोरी केली ते केली, वरून दिव्यावर बोट ठेवतेस?"

गुणाबाईच्या तोंडून ते गावभर झालं. गावातल्या गुणवंतरावांच्या घराचं दिवाळीचं काम रंभाला ठरलं होतं. त्यांनी निरोप पाठवला, येऊ नको. मग आणखी एकांनी पाठवला. ज्या घरांत ती उंबऱ्याच्या आत चहा प्यायची, तिथं तिला चहा अंगणातच देऊ लागले. शिडी आपल्या भिंतीला टेकवू देईल असं एकही घर तिला राहिलं नाही.

शेवटी रंभाच इंदिराबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. "भिंतीची एक खपली द्या. मूलले यंत्रवालं दुकान आहे, खपली पाहून हुबेहूब रंग काढते. आपल्या कंपनीचा रंग आता कोणी ठेवत नाई, दुसरीचा भेटंन. तुमी सोबत चला. तुमच्या डोळ्यादेखत घेऊ, तुमच्या डोळ्यादेखत लावू."

खपली इंदिराबाईंनी स्वतःच्या हातानं काढली आणि कागदात बांधून घेतली. दुकानात ती यंत्राखाली ठेवली. दुकानदार म्हणाला, या कंपनीचा मूळ पांढरा जरा वेगळा असतो, म्हणून निळा किती घालायचा ते यंत्रच ठरवते. डबा ढवळून निघाला. रंभानं झाकणावर एक बोट ओढलं, उन्हात धरून वाळू दिलं, खपलीशी जुळवलं आणि मान डोलावली. इंदिराबाईंनी डबा बांधेपर्यंत त्यावरची नजर काढली नव्हती. आता तोच डबा जंगलातून गावाकडे चालला होता.

"नाई जमला तर?" इंदिराबाईंनी विचारलं.

"तर माही शिडी चुलीत घालजा."

"शिडी घालून तुझं पाप जळन का?"

"तुमचं पुण्य तर रोज जळतेच ना, भिंतीवर." रंभा हे मुद्दाम मोठ्यानं बोलली, वाघालाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

घरी पोचल्यावर रंभानं हातपाय धुतले आणि कामाला लागली. गुणाबाई पाट घेऊन समोरच बसली होती. तुकड्यावर हात फिरला, वाळला, दुसरा फिरला, तोही वाळला. आणि तुकडा पुन्हा होता तसाच दिसू लागला. भिंतीहून उजळ, निळा, परका.

गुणाबाईनं टाळी वाजवली. "पाह्यलं ना बाई! आधीचा जो हलका, तोच हा. ह्यानंतर हिले घरात घेसान तर मले सांगा."

रंभाच्या तोंडचा रंग उडाला. तिनं तुकड्याला बोट लावलं, मग भिंतीला लावलं. मग आधीचा रिकामा डबा मागितला. त्याच्या काठावर वाळलेला रंग नव्या तुकड्याशी धरून पाहिला. दोन्ही एकच होते. कंपनी वेगळी, डबा वेगळा, पण रंगात सूतभर फरक नव्हता.

ती हळूच वळली. "इंदिराबाई, खपली कुठून काढली?"

इंदिराबाईंनी आधी तसबिरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दर्शनी भिंतीवर आणखी एक खड्डा नको होता. आईच्या तसबिरीमागून काढली. खालची कड जराशी उचलून. म्हटलं, आईच्या जागेचा रंग, सगळं शुभ होईन."

"तसबीर उतरवा."

"आई हलवत नाई आमी."

"मंग मी उतरवू?"

इंदिराबाईंनी हात जोडले. पुटपुटत क्षमा मागितली आणि दोन्ही हातांनी तसबीर खिळ्यावरून काढली. तिच्यामागे भिंतीवर चौकोन निघाला, निळा, स्वच्छ, मागच्या साली रंभानं ब्रश टेकवला होता तसाच. दाराजवळच्या तुकड्यात आणि त्या चौकोनात काडीचाही फरक नव्हता. मधली सगळी भिंत, फळीपासून आढ्यापर्यंत, मळकट हिरवी. दिव्याच्या वर तर काळसर पट्टा थेट छताला भिडलेला होता.

गुणाबाई पाट उचलून उठली. "माह्यं दूध चुलीवर आहे," म्हणाली आणि मागच्या दारानं गेली. तिच्या घरी त्या वेळी चूल पेटत नाही, हे तिघींनाही माहीत होतं.

इंदिराबाई आईची तसबीर छातीशी धरून उभ्या होत्या. डोळे त्या काळ्या पट्ट्यावर. मग म्हणाल्या, "बस रंभा. च्या ठेवते."

"नको. तुमच्या अंगणातला च्या लई गोड लागला मले."

"गावात मी सांगीन. घरोघर जाऊन सांगीन, रंभानं काही नाई चोरलं म्हणून."

"सांगू नका." रंभा ब्रश चिंधीला पुसत होती, खसाखसा, जणू तिला कुणाचं तोंडच पुसायचं होतं. "तुमी सांगसान तर लोक म्हणतीन, इंदिराबाई देवभोळी, तिले दया आली. गुणाबाईचं बोलणं तसंच राहीन. सांगितलेलं कोणाले लागते?"

"मग काय करू? पूर्ण भिंत रंगवून घेऊ का? तुह्या हातानंच."

"आता नाई."

तिनं शिडी खांद्यावर घेतली आणि उंबऱ्यापाशी थांबली. इंदिराबाई तसबीर पुन्हा खिळ्याकडे नेत होत्या. रंभानं हात वर करून त्यांना थांबवलं. तिचा आवाज तसाच तिखट होता, फक्त थोडा खाली आला होता.

"नवरात्रात सगळ्या बाया तुमच्याकडे आरतीले येतीन. त्या पाहून जाईपर्यंत आईले दुसऱ्या भिंतीवर बसवा. हा चौकोन असाच उघडा राहू द्या इंदिराबाई, एवढंच करा माह्यासाठी."